'तहान लागल्यावर विहीर खोदणे' : हा आयत्या वेळच्या जुळवाजुळवीचा वाक्प्रचार आहे का?

शब्दशोध (बेळगाव)

'तहान लागल्यावर विहीर खोदणे' हा वाक्प्रचार हल्ली कुठल्याही आयत्या वेळच्या कामाला चिकटवला जातो. वक्ता तयारी न करता बोलायला उभा राहिला, पंगतीला पन्नास माणसं जास्त आली म्हणून घाईनं पिठलं टाकलं, पावसामुळे मांडव सोडून कार्यक्रम शाळेत हलवला, सगळ्याला हेच म्हणतात. माझ्या मते हा वापर चुकीचा आहे. त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

आधी काही ठरवलेलं नाही, साधनं अपुरी आहेत, तरी हाताशी आहे त्यात मार्ग काढायचा, ही एक गोष्ट. तिच्यासाठी आपल्याकडे 'वेळ मारून नेणे' आहे, 'वेळेला केळं, वनवासाला सीताफळ' आहे. ज्या कामाला मुळातच महिने लागतात ते काम गरज दारात येऊन उभी राहिल्यावर हाती घेणं, ही दुसरी. विहीर दुसऱ्या गटातली आहे. विहीर खोदणारा सुचेल तसं काहीतरी करत नसतो. तो योग्य तेच काम करत असतो, फक्त त्याचा वेळ संपलेला असतो.

शेजारच्या म्हणी बघा. 'बैल गेला आणि झोपा केला' यातला झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाला लावायचं झापाचं दार. तिथे नुकसान होऊन गेलंय. 'वरातीमागून घोडं' याचंही तेच. विहिरीच्या वाक्प्रचारात अजून नुकसान झालेलं नाही, माणूस जिवंत आहे, घसा कोरडा आहे. म्हणजे आधी, ऐनवेळी आणि नंतर अशा तीन अवस्था भाषेनं नीट वेगळ्या ठेवल्यात. आपण त्या एकत्र का कालवायच्या?

उगमाबद्दल माझं मत असं: ही प्रतिमा भर्तृहरीच्या वैराग्यशतकातली. शरीर धड आहे, म्हातारपण लांब आहे, तोवरच स्वतःच्या हिताचा प्रयत्न करावा असं सांगून तो शेवटी विचारतो, 'संदीप्ते भवने तु कूपखननं प्रत्युद्यमः कीदृशः'. घर पेटल्यावर विहीर खणायला घेणं, हा कसला उद्योग! वामनपंडितांनी १७व्या शतकात भर्तृहरी मराठीत आणला, कीर्तनांतून तो गावोगाव गेला, आणि तिथून ही प्रतिमा बोलण्यात उतरली असावी. विरोधी मतं जरूर यावीत. उदाहरणं आपल्या भागातली दिलीत तर जास्त बरं.

गोकाकहून

उगमाचं पटत नाही, सर. भर्तृहरीच्या ओळीत आग आहे, तहान कुठे आहे? कन्नडमध्ये 'मनेगे बेंकि बिद्दाग बावि तोडिदरंते' अशी म्हण आहे, घराला आग लागली तेव्हा विहीर खणली म्हणे. ती भर्तृहरीशी तंतोतंत जुळते. आपल्या सीमाभागात दोन्ही भाषा एकाच बाजारात, कित्येक ठिकाणी एकाच घरात बोलल्या जातात. तरी कन्नड बोलताना तोंडात आग येते आणि मराठी बोलताना तहान. मराठी म्हण त्या श्लोकातून उतरली असती तर तिच्यातही आगच राहिली असती.

आणि हा फरक नुसता शब्दांचा नाही. घर पेटल्यावर विहीर खणणं हा मूर्खपणा आहे. तिथे करायचं काम वेगळंच असतं: गुरं सोडायची, माणसं बाहेर काढायची, आहे त्या पाण्याचे हंडे ओतायचे, शेजारच्या छपराचं गवत ओढून काढायचं. तहानेवर मात्र विहीर हाच इलाज असतो. आगीच्या म्हणीत काम चुकीचं आणि वेळही चुकीची. तहानेच्या म्हणीत काम बरोबर, वेळ चुकीची. तुम्ही वर जो भेद केलात तो तहानेच्या रूपातच टिकतो.

तहानेचं रूप फार लांबही सापडतं. रोमन नाटककार प्लॉटस, ख्रिस्तपूर्व २०० च्या आसपासचा. त्याच्या 'मोस्तेलारिया' नाटकात एक पात्र म्हणतं की तहानेनं घसा आवळल्यावर मग विहीर खणायला लागणं हे फार दैन्याचं काम. चीनच्या 'हुआंगदी नेइजिंग' या जुन्या वैद्यकग्रंथात रोग जडल्यावर औषध देण्याला दोन उपमा दिल्यात: तहान लागल्यावर विहीर खणणं आणि लढाई जुंपल्यावर शस्त्रं ओतणं. यातली दुसरी तर कन्नडमधल्या 'युद्धकाले शस्त्राभ्यास' या म्हणीची सख्खी बहीण वाटते. रोमहून किंवा चीनहून कुणी ही म्हण आपल्याकडे आणलेली नाही. जिथे जमीन खणून पाणी काढावं लागतं तिथे ती आपोआप उगवते. तिला एकच जन्मगाव शोधणं व्यर्थ आहे.

शब्दशोध (बेळगाव)

बोलता बोलता प्रतिमा बदलतात, त्याला वेळ लागत नाही. हिंदीत 'आग लगने पर कुआँ खोदना' आणि 'प्यास लगने पर कुआँ खोदना' दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. तसंच मराठीत झालं आणि आगीचं रूप मागे पडलं, असं मानायला काय हरकत आहे? प्लॉटसचा दाखला उत्तम आहे, पण वामनपंडित आपल्या जवळचे.

ब्रासचा हिशोब (चिकोडी)

उगम पुस्तकात शोधण्याआधी विहिरीच्या तळाशी शोधा की ओ. तिथला हिशोब बघितला की हा वाक्प्रचार नेमका कशाला लावायचा ते कळतं.

परसातला आड धरा. व्यास ६ फूट, खोली ४० फूट. तळ साधारण २८ चौरस फूट, म्हणजे ११३० घनफूट, अकरा ब्रासच्या वर (ब्रास म्हणजे १०० घनफूट) माल वर ओढायचा. मळ्यातली २० फुटी विहीर धरली तर तळ ३१४ चौरस फूट, ४० फुटांना १२,५६० घनफूट, सव्वाशे ब्रास. हे जागेवरचं माप झालं. फोडलेला दगड फुगतो. दीडपट धरला तर एक ब्रासच्या ट्रॉलीनं १८५ ते १९० खेपा होतात. तो ढीग कुठं टाकायचा हेही आधी ठरवावं लागतं. काठालगत टाकला तर त्याच्या वजनानं वरची माती आत येते.

खरी गोम पुढं आहे. सहा फुटी आडाच्या तळाशी पहार-टिकाव चालवायला दोनच माणसं मावतात. तिसरा उतरला तर टिकाव उचलायला जागा राहत नाही. दोघं खाली, दोघं-तिघं दोरावर, दोघं माल लांब टाकायला. सगळं गाव मदतीला आलं तरी बाकीच्यांना काठावर उभं राहण्यापलीकडे काम नसतं. मुरुमात दिवसाला तीन फूट गेले असं धरलं तरी चाळीस फुटांना पंधरवडा जातो, आणि कठीण दगडात हातानं दिवसाला फूटभरही मिळत नाही. पाण्यावाचून माणूस तीन-चार दिवस काढतो. पंगत वाढली तर दुसरी चूल पेटवता येते, पण विहिरीला दुसरा तळ नसतो. पैसा आणि माणसं ओतून जे काम आवरता येतं त्याला हा वाक्प्रचार लावूच नये. जे आवरता येत नाही त्यालाच लावावा.

शिवाय क्रम मोडता येत नाही. चिकोडी-निपाणीकडं वर काळी माती, कुठं तीन फूट, कुठं दहा. तिच्याखाली मुरूम. मग मांजऱ्या खडक, त्याला बारीक भोकं असतात आणि पाणी बहुतेक त्याच्यातूनच पाझरतं. मग काळा पाषाण, त्यात भेगा असतील तरच पाणी. दोन पाषाणांच्या मध्ये कुठं कुठं तांबडा गेरूचा थर लागतो, तो भिजला की लोण्यासारखा सुटतो. काळी माती आणि मुरूम पावसात ढासळतात, म्हणून कठीण थरापासून वरपर्यंत दगडी किंवा सिमेंटचं बांधकाम पहिल्या पावसाच्या आत उरकावं लागतं. ते न करता खोदतच गेलं तर एका रात्रीत चार महिन्यांचं काम बुजतं. पाषाण लागला की सुरुंग, आणि सुरुंगाला परवानेदार माणूस. तो काही हाक मारली की येत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिला पाझर दिसला की नारळ फोडून थांबणं. घाईत असलेला माणूस हमखास तेच करतो. पाझराखाली आणखी आठ-दहा फूट गेल्याशिवाय साठा होत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी त्या पाझराच्या खाली उतरतं. तहान लागल्यावर खोदलेली विहीर बहुतेक वेळा उथळ राहते ती यामुळं. उशीर होतो हे एक, आणि जे होतं तेही अर्धवट होतं. हे दुसरं अंग अर्थ सांगताना कुणी सांगत नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)

ब्रासचा हिशोब बरोबर आहे, पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. विहिरी तहानेच्या दिवसांतच खोदतात, आणि तसंच करायला हवं.

आमच्याकडे चार महिने धो धो पाऊस. वर जांभा, सच्छिद्र, पाणी पिऊन बसलेला. दिवाळीच्या सुमारास खणायला घेतलं तर पंधरा फुटांवरच पाणी भेटतं. ते उपसत बसावं लागतं, खाली उतरणं अवघड होतं, आणि मालक म्हणतो पुरे झालं. शिमग्यापर्यंत ती विहीर कोरडी. म्हणून जाणती माणसं होळीनंतर टिकाव मारतात. चैत्र-वैशाखात पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. त्या दिवसांत लागलेलं पाणी बारा महिने टिकणार हे नक्की. पुढं मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आत, बांधकाम संपवायचं. हातात साधारण सत्तर-पंच्याहत्तर दिवस. जांभ्याखाली शेडी, म्हणजे पांढरट मऊ माती लागते, ती ओली झाली की बाजूनं फुगून आत सरकते. तेवढ्या भागाला अस्तर घातल्याशिवाय खाली जाता येत नाही, हेही त्याच दिवसांत करायचं.

म्हणजे या म्हणीचा शब्दशः अर्थ घेतला तर ती विहीर खोदण्याच्या शास्त्राच्या उलट जाते. ज्यानं ही म्हण केली तो नुसता पाणी पिणारा असणार, खणणारा नव्हे.

दुसरं, तहान लागल्यावर खणून तासाभरात पाणी मिळतं अशीही जागा आहे. मलप्रभेच्या, घटप्रभेच्या पात्रातला झिरा. वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे वाळू साठते, तिथे खणायचं. वरची कोरडी वाळू हातानं ओढायची, ओल लागली की दोन-अडीच फूट खाली जायचं. कडा ढासळू नयेत म्हणून बूड काढलेलं मडकं किंवा बुट्टी रोवायची. पहिलं दोन-तीन वेळचं गढूळ पाणी काढून टाकायचं, मग जे निवळ येतं ते फडक्यानं गाळून, उकळून प्यायचं. याला आधीचं नियोजन लागत नाही. लागते ती पात्राची ओळख. आयत्या वेळी जुळवणं आणि निष्काळजीपणा या दोन गोष्टी एक नाहीत, हे शब्दशोध म्हणतात ते मला मान्य आहे. पण खणणं म्हणजे नेहमी उशीर, हे मान्य नाही.

ब्रासचा हिशोब (चिकोडी)

होळीनंतर खोदतात हे खरं. पण कुठल्या तहानेसाठी? पुढच्या वर्षीच्या. या वर्षी घरात पाणी दुसरीकडून येत असतं, म्हणून तर पंचाहत्तर दिवस खोदायला जमतं. ज्याच्या घरात आजच थेंब नाही तो पाझर दिसला की थांबणारच. ऋतू एकच आहे, पण दोघांच्या हातात असलेले दिवस वेगळे. म्हणीचा रोख तिथं आहे.

झिऱ्याबद्दल एवढंच: झिरा वाळूत होतो. वेदगंगा-दूधगंगेकाठी जिथं वाळू उपसून पात्र खडकाला लागलंय तिथं कितीही ओळख असली तरी टिकावाखाली ठिणगीच निघते. वाळू भिजलेली राहते म्हणून पाणी देते. ती शिल्लक ठेवणं हीसुद्धा आधीची तजवीजच.

टिळकवाडी

शहरातलं उदाहरण देते. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे. अधिवेशनाच्या जागेला विजयनगर नाव दिलं होतं, आणि तिथे पाण्यासाठी मुद्दाम विहीर खोदली, तिचं नाव पंपा सरोवर. आज टिळकवाडीत, त्या अधिवेशनाच्या वीर सौध या स्मारकाजवळ, तिला काँग्रेस विहीर म्हणतात. तंबू भाड्यानं येतात, आचारी बोलावता येतात, चटया शेजारच्या गावांतून गोळा होतात. हजारो माणसांचं पाणी तसं गोळा होत नाही, म्हणून विहीर अधिवेशनाच्या आधी. कशाची तजवीज आधी करायची आणि काय आयत्या वेळेवर सोडायचं, हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. १९९५ च्या टंचाईनंतर शहरातल्या जुन्या विहिरी साफ करून पुन्हा वापरात आणल्या, त्यात ही काँग्रेस विहीरही होती. तहान लागली होती, नवं काही खोदलं नाही, आधीच्या पिढ्यांनी खोदलेलं उघडलं. हे तुमच्या दोन्ही गटांत बसत नाही. आयत्या वेळचं खरं पण जुळवाजुळव नव्हे, उशिराचं खरं पण व्यर्थ नव्हे. आपल्या भागात याचीच गरज जास्त पडते, म्हणून सविस्तर लिहिते.

गाळ काढायला वैशाख बरा, पाणी कमी असतं. आत उतरण्याआधी पंपानं पाणी खाली न्यायचं आणि विहीर उघडी, हवा खेळती ठेवायची. कंदील विझतो का बघण्याची जुनी रीत आहे, पण प्रत्येक वाईट वायू कंदिलाला कळत नाही. म्हणून कमरेला दोर आणि वर दोन माणसं असल्याशिवाय कुणी उतरू नये. गाळ यारीनं किंवा बादल्यांनी काढताना तळाच्या झऱ्यांची तोंडं शोधायची, ती गाळानं लिंपलेली असतात. बांधकामातली पिंपळाची मुळं नुसती छाटून भागत नाही. दगड सुटा करून मूळ काढायचं आणि तो सांधा पुन्हा भरायचा, नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंत फुगते. मग विहीर भरू द्यायची, पूर्ण उपसायची, परत भरू द्यायची. शेवटी ब्लीचिंग पावडर. चांगल्या प्रतीची असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम. २० फुटी विहिरीत दहा फूट पाणी म्हणजे जवळजवळ ८९,००० लिटर, त्याला २२० ग्रॅमच्या आसपास. ती बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्यायची, वरचं पाणी विहिरीत सोडायचं, खालचा चुना टाकून द्यायचा. बादली खालीवर करून ढवळायचं आणि निदान तासभर पाणी काढायचं नाही. पावडरचा डबा उघडा राहिलेला असेल तर तिची ताकद गेलेली असते, मग हे माप उपयोगाचं नाही.

मोटर आणि केबल (रायबाग)

आड, झिरा, रहाट... हे सगळं वाचायला बरं आहे, पण आज अथणी-रायबागात तहान लागल्यावरच बोअर मारतात आणि पाणी मिळतं. संध्याकाळी गाडी येते, पहाटेपर्यंत चारशे फूट गेलेली असते. विहिरीला तीन महिने लागायचे तेव्हा ही म्हण खरी होती. आता साधन बदललं, अर्थही बदलणार. पोरं हा वाक्प्रचार नुसत्या धावपळीला वापरत असतील तर त्यांनी विहीर खोदताना कधी बघितलेलीच नाही म्हणून. त्यांचा वापर चुकीचा कसा ठरवता? शब्दाचा अर्थ बोलणारे ठरवतात.

ब्रासचा हिशोब (चिकोडी)

चारशे फूट भोक पडतं, पाणी पडतंच असं नाही. घाईतल्या बोअरचं काय काय बिघडतं ते लिहितो.

एप्रिलमध्ये गाडी मागणारे सगळेच, म्हणून दर चढा आणि जागा बघायला वेळ नाही. शेजाऱ्याला लागलं म्हणून बांधाला चिकटून मारतात, आणि दोघांचं पाणी एकाच भेगेतलं निघतं. केसिंग, म्हणजे वरची माती आत येऊ नये म्हणून भोकात बसवायचा पाइप, वाचवतात. साडेसहा इंची बोअरला काळी माती आणि मुरूम संपून कठीण दगडात दोन-तीन फूट रुतेपर्यंत केसिंग हवं. अलीकडं थांबवलं की पहिल्या पावसात मुरूम आत येतो आणि मोटर अडकते. गेरूचा थर खोलवर लागला आणि तिथं भोक उघडंच राहिलं तरी तेच. पहाटे हवेनं पाणी उडतं ते बघून 'तीन इंच पाणी लागलं' म्हणतात. ते भेगेत साठलेलं पाणी असतं. निदान काही तास उपसून, मग पातळी परत किती चढते ते बघितल्याशिवाय मोटर घेऊ नये. पण गाडीला पुढच्या गावी जायचं असतं. आणि वीजजोडणी नसेल तर चारशे फुटांवर पाणी असून नसल्यासारखं.

कायद्याचंही बघा. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणं बोअर मारण्याआधी किमान १५ दिवस प्रशासनाला लेखी कळवायचं असतं. केसिंगभोवती ५० बाय ५० सेंटिमीटरचा सिमेंटचा कट्टा हवा, ३० सेंटिमीटर जमिनीवर आणि ३० खाली. कोरडी गेलेली बोअर माती-दगडानं तळापासून वरपर्यंत भरून काढायची असते. घाईत हे सगळं राहून जातं आणि उघड्या तोंडाच्या बोअर शिवारात पडून राहतात, लहान पोरांच्या जिवावर. हा वाक्प्रचार जुना झाला असं कसं म्हणता ओ?

मोटर आणि केबल (रायबाग)

उघड्या बोअरचं शंभर टक्के मान्य, त्यात दुमत नकोच. पण हे वाईट बोअरचं वर्णन झालं. चांगली गाडी, पूर्ण केसिंग, आधीची जोडणी असेल तर चार दिवसांत नळाला पाणी. चार दिवस म्हणजे तुमच्याच हिशोबानं माणूस काढतो तेवढे. म्हणजे हिशोब बदलला की नाही?

गोकाकहून

आधीची जोडणी, पूर्ण केसिंग... 'आधी' हा शब्द तुमच्याच वाक्यात आला.

विंगेतून (बेळगाव)

चर्चा पाण्यात रंगली आहे, पण मूळ प्रश्न आधी काही न ठरवता आयती वेळ निभावण्याचा होता. त्याचं घर रंगभूमीवर आहे. इंग्रजीत याला 'विंग इट' म्हणतात आणि बहुतेकांना त्यात पक्ष्याचे पंख दिसतात. ते तसं नाही. १८८० च्या दशकात तिकडच्या नाटकवाल्यांत हा शब्द होता: भूमिका पाठ नसलेला नट विंगेत उभं राहून वाक्यं वाचायचा, किंवा विंगेआडचा सांगणारा पुरवायचा, आणि तो तशीच वेळ निभावायचा.

आपल्याकडची गोष्ट याहून निराळी. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, त्यानंतर १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्यांच्या खेळांत पदं सूत्रधार म्हणायचा, आणि नट गद्य बोलायचे ते जागच्या जागी, पदरचं. गोकाक भागातल्या श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्यातही पदं ठरलेली आणि गद्य बरंचसं त्या रात्रीचं असतं. यातल्या कुणालाही 'तहान लागल्यावर विहीर खोदली' म्हणता येणार नाही. कथा माहीत, पात्राचा स्वभाव माहीत, पदाचा शेवट कुठे येणार ते माहीत. वाक्य तेवढं नवं. पुढे गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर आले, १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं, आणि गद्यही लिहून पाठ करायची रीत बसली. त्यानंतर 'पदरचं घालणे' हा दोष ठरला. त्याआधी ती नटाची कमाई होती.

म्हणून माझं म्हणणं: ठरवून न ठेवता करणं हा गुण की दोष, हे खाली काय आधार आहे त्यावर ठरतं. ज्यात मुळीच आधार नाही ती विहीर.

शब्दशोध (बेळगाव)

हे जुन्या कथेतही आहे. पंचतंत्रात एका तळ्यातले तीन मासे: अनागतविधाता, प्रत्युत्पन्नमती, यद्भविष्य. कोळी येणार हे ऐकून पहिला आदल्या दिवशीच निघून जातो. दुसरा जाळ्यात सापडतो, मेल्याचं सोंग घेतो आणि संधी साधून पाण्यात उडी मारतो. तिसरा 'होईल ते होईल' म्हणून राहतो आणि मरतो. 'द्वावेतौ सुखमेधेते यद्भविष्यो विनश्यति', पहिले दोघं सुखानं वाढतात असं ती कथा म्हणते. आयत्या वेळी सुचणारा मासा तिथे पहिल्याच्या पंगतीला आहे. आपण त्याला विहीर खोदणाऱ्याच्या पंगतीला बसवतो, हा अन्याय आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

चौथा मासा राहिलाच की. कोळी आल्यावर तळ्यातून नदीपर्यंत चर खणायला घेणारा. तो आळशी नाही, मूर्ख नाही, सगळ्यात जास्त घाम तोच गाळतो. वाक्प्रचार त्याच्याबद्दल आहे. म्हणून 'धावपळ करणे' एवढा अर्थ देऊन भागत नाही.

मोटर आणि केबल (रायबाग)

मग तयारी न करता व्यासपीठावर उभा राहिलेल्या वक्त्याला काय म्हणायचं ते एकदा सांगा. 'वेळ मारून नेणे' यात लबाडीची छटा आहे. 'वेळेला केळं' एका वस्तूऐवजी दुसरी वापरण्याला बसतं. 'हजरजबाबी' उत्तरापुरतं. चपखल शब्द नाही म्हणूनच लोक विहिरीकडे वळतात.

ब्रासचा हिशोब (चिकोडी)

विषय माहीत आहे, कागद तेवढा आणला नाही आणि बोलला, तर 'प्रसंग निभावून नेला' म्हणा. विषय माहीत नाही आणि शब्द फिरवून उतरला, तर 'वेळ मारून नेली', आणि तिथं लबाडीची छटा असलेलीच बरी. नाव पुकारल्यावर पुस्तक उघडून विषय समजून घ्यायला बसला, तर मात्र विहीर.

मोटर आणि केबल (रायबाग)

पहिली दोन घेतो. तिसऱ्याला विरोध कायम. आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी टँकर सांगणाऱ्यालाही लोक हेच म्हणतात. टँकर दोन तासांत येतो, पाणीही पुरतं, तरी म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला अर्थ बरोबर कळतो.

टिळकवाडी

टँकर कुठल्या तरी विहिरीवरच भरून येतो ना, दादा. ती कुणी, कधी खोदली?